शून्य मिलिग्रॅम

चाळीस

अनुबंधन प्रयोगशाळेत हेमांगीच्या जिभेवर एक निळा थेंब पडला. त्याची चव कशासारखीच नव्हती. मुद्दाम तशी बनवली होती.

"शरीराला फसवायचं?" तिनं विचारलं.

"शिकवायचं," डॉ. इनामदार म्हणाले. "तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच प्लेटलेट्स मारते. स्टेरॉइड तिला गप्प करतं. प्रत्येक गोळीबरोबर हा स्वादसंकेत द्यायचा. शरीर दोघांची गाठ बांधतं. मग गोळी हळूहळू उतरवायची, थेंब तोच. शेवटी शरीर नुसत्या थेंबानं गप्प बसतं."

"आणि डोस चुकला तर रक्तस्राव," डॉ. रेणुका तांबट म्हणाल्या. "म्हणून रोज घरातलं कुणीतरी साक्षीला हवं."

"मी आहे की," हेमांगीचा नवरा उमाकांत म्हणाला. "नऊ वर्षं मीच भरवतोय गोळ्या. हिला कुठं काय आठवतं?"

स्टेरॉइडनं सुजलेल्या तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

वीस

"आ कर. गिळ. जीभ दाखव. शहाणी," उमाकांत रोज म्हणायचा.

तपासणीला ती तांबटांशी एकटी बोलली.

"गोळी सुटली की मी घर सोडणार. आजारी बाई जाऊन जाऊन जाणार कुठं, म्हणतात ते."

"त्यांना सांगितलंत?"

"कशाला?"

पाच

चेहऱ्यावरची सूज उतरली. प्लेटलेट्स स्थिर.

"आ कर."

शून्य

फक्त थेंब. प्लेटलेट्स स्थिर. प्रयोगशाळेत पेढे वाटले. हेमांगी मिरजेला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. तिथं साक्षीला घरमालकीणबाई.

शून्य

पायांवर जांभळे ठिपके. हिरड्यांतून रक्त. थेंब एकदाही चुकला नव्हता.

तिला प्रयोगशाळेच्याच वॉर्डात दाखल केलं.

"थेंब शुद्ध आहे. मी स्वतः तपासला," इनामदार म्हणाले.

"सर, शरीर थेंबच शिकलं कशावरून? गोळीबरोबर रोज आणखी काय होतं?" तांबटांनी विचारलं.

इनामदारांनी तिची फाइल उघडली.

"थेंब आत्ताचा. नवऱ्याचं भरवणं नऊ वर्षांचं," तांबट म्हणाल्या.

उमाकांतला बोलावलं. तो समोर बसला. "आ कर." थेंब नाही, गोळी नाही. रिकामा घोट. असं रोज. आठवडाभरात प्लेटलेट्स चढल्या.

"बघा!" उमाकांत हसला. "म्हटलं नव्हतं, माझ्याशिवाय हिचं पान हलत नाही?"

त्याला बाहेर पाठवून इनामदार म्हणाले, "हेमांगीताई, खरं सांगायचं तर यात दुष्परिणाम काहीच नाहीत. त्यांनी रोज समोर बसायचं, एवढंच."

हेमांगी भिंतीकडे पाहत होती.

"गोळी द्या."

"पुन्हा वरपासून? हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल, चेहरा..."

"द्या."

तांबटांनी गोळी आणि पाणी आणून ठेवलं. इनामदार निघून गेले. तांबट सवयीनं खुर्ची ओढून समोर बसल्या.

हेमांगीनं गोळी उचलली, पण तोंडात घातली नाही.

"तुम्हीसुद्धा बाहेर जा, डॉक्टर," ती म्हणाली. "गोळीबरोबर समोर कुणी नको. दार लावून घ्या."