तिसऱ्यांदा तोच धोंडा

संग्रहालयात आसावरीने त्याला पहारेकरी समजलं, यात तिची काय चूक? अमेरिकेतल्या कॅट्स्किलच्या डोंगरात आयरिश लोकांनी वसवलेलं एवढंसं गाव, त्यात एका खोलीचं संग्रहालय, आणि दाराशी हिरवं जाकीट घालून ऐटीत उभा असलेला हा उंच मुलगा. तिने इंग्रजीत धबधब्याची वाट विचारली. त्याने ती मोठ्या तोऱ्यात सांगितली... आणि साफ चुकीची सांगितली. तासाभराने ती चिखल तुडवत परत आली, तर स्वारी फोनवर म्हणत होती, "हो आई, टोपी घातलीय."

हा अनीश. अमेरिकेतल्याच श्रूजबरीत जन्मलेला, गुरांचा डॉक्टर, आणि या गावात तिच्यासारखाच पाहुणा. मग काय, तिने त्याला मराठीत चांगला झाडला आणि त्याने माफी म्हणून धबधबा दाखवला. मेपासून दर पंधरा दिवसांनी ती जर्सी सिटीहून इथे यायची, तो श्रूजबरीहून. जुनी गिरणी झाली, दगडी चर्च झालं, आजूबाजूचे डोंगर झाले. प्रेमाचं मात्र दोघांपैकी एकानेही नाव काढलं नाही.

ऑगस्टमध्ये तिची नोकरी गेली. नोकरीविना राहायला व्हिसा देतो ते साठ दिवस संपत आले, मंगळवारचं तिकीट निघालं. आज शनिवार, शेवटचा डोंगर. खाली पोचण्याआधी बोललो नाही तर राहिलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी जीभ काही रेटत नव्हती.

दुपारी माथ्यावरून निघाले आणि धुकं उतरलं. फोनला रेंज नाही. वाटेत माणसाच्या उंचीचा एक पांढरा धोंडा लागला. तिने गंमत म्हणून त्याच्या डोक्यावर लाल पान ठेवलं. वीस मिनिटांनी पुन्हा तोच धोंडा, तेच पान. पुन्हा निघाले, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा दोघं जोडीने, झाडांवरच्या खुणा बघत बघत उतरले... आणि धुक्यातून तोच समोर उभा. पाखरं गप्प, वारा गप्प. आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

आसावरी मटकन खाली बसली. ती देवरुखची. रानातली वाट फिरून फिरून तिथेच आणते, त्याला तिच्याकडे चकवा लागला म्हणतात, आणि चकवा लागला की चालायचं नाही, एका जागी बसून राहायचं. हे तिने त्याला सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं, पण तो निमूट शेजारी बसला.

"सॉरी यार," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी होतो. फाट्यावर मी मुद्दाम राँग टर्न घेतला."

"का?"

"खाली गेलो की तू पॅकिंग करणार. मग... संपलं."

ती काटकीने माती उकरू लागली. "दुसऱ्या वेळी मी पुढे होते ना... खालची वाट मला दिसली होती. मीपण मुद्दामच वळले."

दोघंही हसले. असे वेडे, की एकमेकांना सांगण्याऐवजी डोंगर फिरवत बसले होते. मग अनीशचं हसू हळूहळू विरलं.

"आणि तिसऱ्यांदा?"

तिसऱ्यांदा दोघंही खरोखरच खाली निघाले होते. कुणीच वळलं नव्हतं.

तिने त्याची बाही घट्ट धरली. "अनीश, मला तू हवा आहेस. भीतीने नाही म्हणत... म्हणजे भीतीनेच म्हणतेय, पण खरं आहे."

डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन देवरुखला येतो, चालेल का, असं त्याने विचारलं. चालेल, ती म्हणाली, आणि रडलीसुद्धा.

धुकं विरळ झालं. गावाची छपरं अगदी पायथ्याशी, हाकेच्या अंतरावर होती. इतका वेळ ती छपरं कुठे गेली होती कोण जाणे. हात धरून दोघं उतरू लागले आणि मागे खडीवर पाऊल वाजलं. दोघं थांबले, पाऊलही थांबलं. दोघं निघाले, तेही निघालं.

"वळून बघू नकोस," ती हळूच म्हणाली.

"नाही बघत," तो म्हणाला, आणि खाली पोचेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिला.