नदीच्या फिल्मचा शेवटचा डबा

“तुषार, ते झाकण बघ!” किमया ओरडली.

जव्हारच्या वाचनालयाजवळ चहाच्या टपरीवर दुधाचं पातेलं होतं. त्यावरच्या गोल पत्र्यावर पुसट अक्षरं होती : ‘नदीकाठचे कष्टकरी, दाभोसा’.

तुषारचा चेहरा उतरला. तो दाभोशाचा. किमया आणि तिचा भाऊ ऋत्विक यांच्याबरोबर सुट्टीभर तो याच जुन्या माहितीपटाच्या मागे होता; त्याचे डबे इथल्या वाचनालयात सापडले होते. त्याच्या आज्याची, लहान्याबाबांची, आई त्यात आहे असं गावात सांगायचे. लहान्याबाबा पोर असतानाच ती गेली. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता! आणि आज संध्याकाळी जुन्या फिल्म जपणाऱ्या नीताताई नाशिकहून प्रोजेक्टर आणणार होत्या.

“झाकण कुठलं, मामा?” किमयानं टपरीवाल्याला विचारलं.

“वाचनालयामागं पडलेलं. हेमराज भंगार जाळतोय ना!”

तिघं धावत सुटले. मागच्या आवारात जाळ उसळला होता. वाचनालयाचे शिपाई हेमराजकाका काठीनं कचरा आत ढकलत होते.

“थांबा! फिल्म आहे त्यात!”

“फिल्म कपाटात आहे! मागं व्हा!”

ते कपाट तर ओट्यावर रिकामं पडलं होतं; त्यातलेच डबे काकांनी भंगार समजून जाळात टाकले होते! झाकण नसलेल्या डब्यातली फिल्म काळी पडून आक्रसत होती. बंद डबा एकच उरला होता, तोही जाळाच्या कडेला.

“लहान्याबाबा जीपमधून निघालेसुद्धा,” तुषार रडवेला होऊन म्हणाला. “काय सांगू त्यांना?”

“साप! काका, पायाशी साप!” ऋत्विकनं खोटीच बोंब ठोकली.

काका काठी टाकून ओट्यावर चढले. किमयानं तीच काठी उचलून डबा बाहेर ओढला. पत्रा चांगलाच तापला होता. तेवढ्यात शेजारची चैती हंडा घेऊन आली. टँकरपाशी सकाळ घालवून मिळालेलं पाणी! तिनं क्षणभर हंड्याकडं पाहिलं आणि तो डब्यावर रिकामा केला.

संध्याकाळी नीताताईंनी डबा उघडला. “बरीच चिकटलीय. उरलेली लावून बघू.”

पडद्यावर बांबूचे भारे वाहणारे पुरुष आले, जाळं ओढणाऱ्या बायका आल्या. लहान्याबाबा प्रत्येक चेहऱ्यावर मान हलवत होते. नाही. नाही. तुषारनं डोळे मिटून घेतले.

“माझी आय!” लहान्याबाबा ओरडले.

कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली एक तरुण बाई जाळं खांद्यावर टाकून हसली. आणि फिल्म संपली.

“पोरांनो, तुम्ही माझे डोळे उघडलेत,” हेमराजकाका खाली मान घालून म्हणाले. नीताताईंनी चैतीला जवळ घेतलं.

लहान्याबाबांची नजर मात्र पांढऱ्या पडद्यावरून हलली नव्हती.

“पोरी,” ते नीताताईंना म्हणाले, “परत लाव गं. माझ्याहून किती लहान आहे ती!”