खिडकीला आलेला घाम

भावसिंगकाका शेकोटीपाशी तांड्यातल्या पोरांना ही गोष्ट सांगतात, तेव्हा "माझ्या ओळखीचं एक पोरगं होतं" अशी सुरुवात करतात. ते पोरगं म्हणजे मी. मी तिथंच बसलेला असतो.

यंदाची पौष अमावस्या होती, रविवार. दिवस मावळताना याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला वारंगा फाट्यावर कोळसा आणायला पाठवलं. घरात शीतलवहिनी बाळंतीण. तिच्या बाजेखाली शेगडी पाहिजेच. लेकरू माझ्या रणजीतदादाचं. दादानं ते पाहिलंच नाही. दिवाळी सरली आणि फाट्यावर ट्रकनं त्याला नेलं.

दादा सरकत्या काचांच्या खिडक्या बसवायचा. पट्टी कापताना यंत्रात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं होतं. आमच्या नव्या घराची खिडकीही त्यानंच बसवली. एक खोली, एक खिडकी. थंडीत काचेला आतून पाणी सुटायचं.

"रणजीत, तुझी खिडकी गळून राहिली," याडी टोमणा मारायची.

"गळत न्हाई याडी, तो आपलाच घाम हाय. आपला श्वास, चुलीवरची वाफ, घरात वाळत घातलेली लुगडी तुझी. काच गार असती, तिथं त्याचं पाणी होतं. काच ऊन असली की पाणी होत न्हाई. खिडकी दोन बोटं उघडी ठेवत जा."

"अन् थंडीनं मरू दे आमाला!"

"माणूस कोंडून मरतं, याडी."

त्याला जाळून आलो त्या दिवशी मी ती काच मुठीनं फोडली. काहून, ते मला सांगता येत नाही. भावसिंगकाकांनी नवी आणली आणि बसवली.

तर त्या रात्री मी कोळसा घेऊन आलो. याडीनं शेगडी पेटवली, खिडकी लावली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या.

वहिनी म्हणाली, "दोन बोटं तरी राहू द्या..."

"त्याचं काही काढू नको आता," याडी म्हणाली आणि दाराला कडी घातली. वहिनी भिंतीकडं तोंड करून झोपली. मी दाराशी अंग टाकलं.

जाग आली ती डोकं फुटायला लागलं म्हणून. शेगडी लाल होती. लेकरू रडत नव्हतं. मी उठायला गेलो. पाय हलेनात. हाक मारली. आवाज निघाला नाही. याडी शेजारीच होती, तोंड उघडं. वहिनी बाजेवर. कडी डोक्याच्या वरच... आणि हात उचलेना.

काच पांढरी झाली होती. पाणी ओघळत होतं.

टप.

टप...

मग काच पुसल्याचा आवाज आला. आतून.

खिडकीपाशी कुणीच नव्हतं.

पांढऱ्या काचेवर पंजा उमटला. एक चिंधी खाली पडली. मग दुसरी. काच सरकली...

दोन बोटं.

गार वारा तोंडावर आला. मी तो गिळला. रांगत कडी काढली. लेकराला उचललं, अंगणात जाऊन पडलो. ते निपचित होतं. मी त्याला हलवलं. काहीच नाही...

मग ते रडलं.

त्याच्या रडण्यानं काका धावत आले. त्यांनी वहिनीला आणि याडीला ओढून बाहेर काढलं. दवाखान्यात सांगितलं, कोळशाचा वायू कोंडला होता. सगळे वाचले.

गोष्ट इथं आली की एखादं पोरगं हमखास म्हणतं, "काका, काच बसवताना त्याचा हात लागला असंल. जुना ठसा वाफ धरली की दिसतो."

"व्हय, दिसतो," काका म्हणतात आणि शेकोटीतलं लाकूड पुढं सारतात. ही नवी काच कुणी बसवली, ते सांगत नाहीत. काकांची सगळी बोटं धड आहेत.

आता खिडकी दोन बोटं उघडीच असते. काच कोरडी राहते. त्यामुळं काही दिसत नाही. पण मला राहवेना. परवा पहाटे, सगळे झोपेत असताना, मी काचेला तोंड लावलं आणि जोरात श्वास सोडला. काच पांढरी झाली. मधे एक पंजा तेवढा कोरडा राहिला. मधलं बोट अर्धं.

मी त्यावर माझा हात ठेवला.

तिथली काच ऊन होती.