आठवं पिल्लू

“चोरी झाली असती तर परवडलं असतं, कालिंदीताई! माझ्याकडे एक पिल्लू जास्त आलंय!” विश्वजीत फोनवर ओरडला.

बनारसच्या मंगला गौरी मंदिराजवळ राहणारा विश्वजीत शहराबाहेरच्या फार्मवर घुंगरू जातीची डुकरं पाळतो. शुद्ध वाणासाठी त्याचं मोठं नाव. आज आठ वाजता तो प्राध्यापिका सुमेधाला पिल्लं दाखवायला घेऊन गेला, तर नोंदवहीतल्या सातऐवजी आठ काळी पिल्लं!

गुप्तहेर कालिंदीताई आणि रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे दीर नरहर लगेच पोचले.

“वाण टिकवायला मला चार पिल्लं हवीत,” सुमेधा म्हणाली. “एक जरी भेसळीचं निघालं तर सगळी मेहनत पाण्यात.”

“मग मी एकही विकणार नाही. नाव गेलं की धंदा गेला,” विश्वजीत म्हणाला. “मरतुकडं पिल्लूही मी ठेवत नाही. याच वेतातलं एक गार पडलेलं निघालं, ते राखणदार श्रीरामला पुरायला दिलं.”

“तू रोज कधी येतोस?” कालिंदीताईंनी विचारलं.

“दहाला, तासभर. बाकी सगळं श्रीराम बघतो.”

इतक्यात डुकरीण आडवी झाली. आठही पिल्लं धावली आणि आपापलं आचळ धरून गपचूप पिऊ लागली.

“किती शहाणी बाळं!” नरहर खूश झाले.

कालिंदीताई श्रीरामच्या खाटेपाशी वाकल्या. खाली टोपली होती, तिच्यात मऊ गमछा अंथरलेला.

“ये किसकी है?”

“आलू रखते हैं, मालकिन.” श्रीरामची नजर जमिनीवर होती.

“वहिनी, याचं नाव घालवायला कुणा शेजाऱ्यानंच परकं पिल्लू सोडलं असणार,” नरहर कुजबुजले.

“नाही भावजी. डुकराचं पिल्लू जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत एक आचळ धरतं, ते कायमचं. परकं घुसलं असतं तर चावाचावी झाली असती. इथे आठही जागा पहिल्यापासून ठरलेल्या आहेत. परकं कुणीच नाही, विश्वजीत. चुकली ती मोजणी.”

“पण मी रोज मोजतो!”

“दहा ते अकरा. तेवढा वेळ आठवं टोपलीत असायचं. आज तू आठलाच आलास. आणि बटाट्यांना कुणी गमछा अंथरतं का?”

त्यांनी टोपली जमिनीवर ठेवली. एक पिल्लू वळलं, तुरुतुरु आलं आणि आत जाऊन बसलं.

श्रीरामने हात जोडले. “गड्ढा खोद रहे थे साहब, तब हिला. आप कमजोर बच्चा रखते नहीं ना...”

विश्वजीतला स्वतःचीच लाज वाटली. मग तो खदखदून हसला आणि त्याने श्रीरामला मिठीच मारली.

“मला हेच द्या,” सुमेधा म्हणाली. श्रीरामचा चेहरा पडला.

“बाकीच्यांतली कुठलीही चार घ्या, मॅडम. हे श्रीरामचं आहे.” विश्वजीतने नोंदवहीतला सात खोडून आठ केला. “नाव काय लिहू?”

“आलू,” कालिंदीताई म्हणाल्या.