मुरलेलं पान

नागपूरच्या त्या कचेरीत कुणी दुसऱ्याच्या पडद्याकडे बोट दाखवून "हे दाब" असं सांगत नसे. सांगून उपयोगही नव्हता, कारण एकच संकेतस्थळ प्रत्येकाला वेगळं दिसायचं. लोणचं मुरावं तसं पान वापरणाऱ्याच्या हाताखाली मुरत जायचं. जे बटण तो दाबतो ते मोठं होई. जे दाबत नाही ते आधी बारीक होई आणि मग नाहीसंच होई. हे मुरणारं पान यामिनी खरवडेने रचलं होतं, आणि तिला त्याचा भारी तोरा होता.

त्या सकाळी ती नव्या मुलांना धडे देत होती. अक्षरं आणि त्यांच्या मागचा रंग यांत ठळक फरक ठेवा, माणसाचं बोट थरथरतं हे धरून बटणं आखा, नुसत्या रंगावर विसंबू नका. यात चुकीचं काहीच नव्हतं. मग तिने आपलं आवडतं वाक्य टाकलं, की न वापरलेलं बटण म्हणजे पानावरचं ओझं. एका मुलीने विचारलं, मग तातडीच्या बटणाचं काय, ते तरी पक्कं ठोकून ठेवायला नको का? यामिनी हसली. एकाला सूट दिली की सगळेच मागतात, असं म्हणून तिने विषय संपवला.

तेवढ्यात वर्ध्याहून बाबांचा फोन आला. बाबा एकटे राहत, आणि फुप्फुसं थकल्यामुळे प्राणवायूच्या यंत्रावर असत. त्या यंत्राच्या पडद्यावरचं पानही यामिनीच्याच कंपनीचं होतं.

"यंत्र शिट्टी मारून राहिलं वं," ते धापा टाकत म्हणाले. "मदतीचं बटन दिसूनच नाही राहिलं."

"डाव्या कोपऱ्यात बघा, लाल..." ती बोलता बोलता अडखळली. डाव्या कोपऱ्यात ते तिच्या पडद्यावर होतं. "बाबा, तुम्हाला काय दिसतं?"

"एकच बटन आहे. 'मी ठीक आहे'."

यंत्र रोज विचारायचं, कसं वाटतंय, आणि बाबा रोज तेच दाबायचे, कारण त्यांचं उत्तर थेट तिच्या फोनवर येई. पोरीच्या जिवाला घोर नको, एवढाच त्यांचा हिशेब. मदत त्यांनी कधी मागितली नाही आणि पानाने ते खरं मानलं.

फोन तुटला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना. तिने रुग्णवाहिका बोलावली, शेजारच्या ठोंबरेकाकांना गाठलं. काका बाजारात होते. ते निघालोच म्हणाले. पलीकडच्या टेबलावरच्या अद्वैतला तिने बटण परत आणायला सांगितलं. तो रडवेला झाला. रुग्णाच्या संमतीवाचून बाहेरून पान बदलता येत नव्हतं, आणि संमती द्यायची ती त्याच पानावरून.

तेवढ्यात तिच्या फोनवर संदेश आला: बाबा ठीक आहेत. लगेच दुसरा आला, तिसरा आला, मग एकामागून एक येतच राहिले. बाबा जीव खाऊन दाबत होते. दाबायला दुसरं काही तिने त्यांच्यापुढे ठेवलंच नव्हतं. प्रत्येक संदेशागणिक ती मोठ्याने म्हणत होती, दाबा बाबा, दाबत राहा.

मग संदेश थांबले.

ठोंबरेकाका पोचले म्हणून थांबले असतील का?