मानाच्या फेट्याचं पाणी

“आता सांगतो ते कुणालाच पटायचं न्हाय! आमी दोनशे पाव्हण्यांना नारायणकाकांचा फेटा पाजला!”

जळकोटच्या एसटी थांब्यावर बिरदेवानं छाती फुगवली. भोवती निम्मं गाव जमलेलं. शेजारी त्याची मैत्रीण शारदा हसू दाबत होती. फेट्याचं तेवढं खरं होतं!

साल १९६१, मे महिना. शारदाच्या प्रेमाताईचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. पाणी भरायला हणमंतप्पा. तो बारवेच्या पायऱ्या उतरायचा आणि गुडघाभर पाण्यात उभा राहायचा, तोही पायाला चिंधी बांधून!

“आप्पा, पाय कशाला भिजवता?” शारदानं विचारलं.

“नारू हाय पोरी, पायातनं दोऱ्यागत किडा निघतोय. लई आग होती. महिना झाला, गार पाणी हेच औषध!”

शारदा चपापली. मागच्या वर्षी नारूनंच तिच्या आईला तीन महिने अंथरुणावर पाडलं होतं. तिनं अन् बिरदेवानं दुपारभर आळी पालथी घातली. बारवेचं पाणी पिणाऱ्या नऊ घरांत नारू. रहाटानं आडाचं पाणी शेंदणाऱ्या घरांत एकही नाही!

“म्हंजे शाळेच्या पुस्तकातलं खरं!” शारदा म्हणाली. “भिजल्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात पडतात, ती बारीक किडे गिळतात, अन् ते किडे आपण! दुहेरी फडक्यानं गाळलं की सुटलो!”

“अन् वऱ्हाड काय थेंब थेंब चाटत बसंल? पळा!” लग्नघराचे कर्ते, शारदाचे नारायणकाका गरजले. रांजणांवर या दोघा पोरांनी बांधलेली फडकी त्यांनी स्वतः ओढून काढली.

वऱ्हाड वेशीत आलं. ताईच्या सासरी पहिली भेट नारूची जाणार? शारदानं खुंटीवरचा काकांचा कोरा पांढरा फेटा उचलला, दुहेरी केला आणि रांजणावर ताणला.

“हे काय, पोरी?” व्याही वसंतरावांनी विचारलं.

“मान, मामा! आमच्यात पाव्हण्यांना घरधन्याच्या फेट्यातूनच पाणी देतात!”

“वा! मग बिनगाळलेला थेंबही घेणार नाही आम्ही!”

बोडक्या डोक्याचे काका मान राखायला स्वतःच तांब्या घेऊन गाळत बसले!

पुढं आरोग्य निरीक्षक आले. बारवेत उतरणं बंद झालं, दोर-बादली आली. “पुस्तक सगळेच वाचतात, ही पोर त्याप्रमाणं वागली!” ते म्हणाले.

“माझा फेटा माझ्या डोक्यावर कधी इतका शोभला नव्हता,” काकांनी कबूल केलं. शारदाची मान ताठ झाली.

थांब्यावर बिरदेवाला आता चेवच चढला. “अन् आप्पाचा नारू रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून काढला. मोजला, तर दहा हात!”

“ए थापाड्या!” मागून हणमंतप्पा ओरडला. “माझा पायच दोन हातांचा! दहा हात नारू मावला कुठं रं?”