तिखट निघालेली ढोबळी मिरची

"ही खाऊन दाखवा," असं म्हणत तिनं टोपली टेबलावर आदळली.

रोपवाटिकेत एरवी म्हातारे रोपवाले असायचे. त्या दिवशी नेमका त्यांचा मुलगा बसला होता—हात मातीनं भरलेले, कानावर पेन्सिल. ती त्याला पहिल्यांदाच बघत होती, आणि धड बघायच्या आधीच भांडायला लागली होती. त्यानं मुकाट्यानं एक ढोबळी मिरची उचलली आणि पेरू खावा तशी चावली. आधी कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून धार लागली.

"छान आहे," तो कसाबसा म्हणाला.

"छान? अहो, हॉटेलवाल्यानं सगळा माल परत पाठवला. बी आम्ही घरचं दिलं, रोपं तुम्ही करून दिलीत. मग अदलाबदल कुणी केली?"

तो काहीतरी बोलणार होता... पण तिच्याकडे पाहत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "आमच्याकडूनच झाली असणार. मी शेतावर येऊन तिखट झाडं वेगळी काढून देतो."

मिरचीच्या तोंडावरून काही छातीठोक सांगता येत नव्हतं, चाखण्यावाचून इलाज नव्हता. झाडांना जसजशी फळं धरत, तसतसा तो येई. प्रत्येक झाडाची एक मिरची चावायची, तिखट निघाली की फांदीला लाल चिंधी बांधायची. ती दुधाचा पेला घेऊन शेजारी उभी. भांडायचं म्हणून थांबायची, आणि भांडण सुचेना म्हणून स्वतःवरच चिडायची.

"हे झाड तुमच्या वळणावर गेलंय," तो एकदा म्हणाला.

"म्हणजे कसं?"

"दिसायला गोड..." पुढचं खोकल्यात गेलं. हसावं की झापावं, तिला कळेना. तिनं पेला पुढे केला.

तो यायचा नाही त्या दिवशी ॲस्टरची फुलं खुडताना ती कळ्याही खुडून टाकी. हे काय होतंय आपल्याला? आणि तो तरी येतो तो चुकीची भरपाई म्हणून, की... पुढचा विचार ती करतच नसे. चिंधी न बांधलेली, न चाखलेली झाडं मात्र कमी कमी होत चालली होती.

एक दिवस तण काढता काढता आत्या म्हणाली, "त्या बिचाऱ्याला किती दिवस छळणार आहेस?"

"चूक त्यांचीच आहे, आत्या."

"त्याची कसली? गेल्या वर्षी ढोबळीला खेटून तिखट मिरची कुणी लावली? मधे हा ॲस्टर. मधमाश्या काय बांध बघून फिरतात? या झाडाचे पराग त्या झाडाला लागले, आणि तेच बी तू धरलंस. रोपवाल्याचा मुलगा तो, त्याला पहिल्याच घासाला कळलं असेल."

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्हा दोघांना माहीत आहे."

तिच्या हातातलं खुरपं थांबलं. बाजारात तिनंच तर बोभाटा केला होता. लोक आता त्याची रोपं घ्यायला कचरत होते, आणि हा माणूस हूं की चूं न करता मिरच्या चावत होता. का? भिडस्त म्हणून? वेडा म्हणून?

दुसऱ्या दिवशी ती आधी बाजारात गेली. परत आली तेव्हा तो वाफ्यात वाकलेला होता.

"मी हॉटेलवाल्यापासून भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांना सांगून आले. चूक आमच्या बियाची होती."

"सगळ्यांना?" त्याचा चेहरा पडला.

"मग? तुमचं नाव खराब होत होतं. खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही टोपली उचलून निघून गेला असतात." तो हातातल्या चिंधीशी चाळा करत राहिला. "आता मी कुठल्या तोंडानं येऊ?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतके दिवस डोक्यात जो गुंता झाला होता, तो सुटला म्हणावा की वाढला, हेही तिला उमगेना. शेवटचंच झाड राहिलं होतं. तो हात घालणार, तोच तिनं मिरची तोडून चावली.

"काय? तिखट?"

मिरची गोड होती. चांगली रसरशीत, गोडच.

"नीट कळत नाही..." ती म्हणाली. "उद्या येऊन बघा."